घनश्याम वाचताना

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की वाटेत सावनेर लागते. राम गणेश गडकरी तेथे २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. वय जेमतेम ३३ वर्षांचे. अखेरच्या आजारपणात त्यांनी हातावेगळे केलेले नाटक म्हणजे ‘भावबंधन’. ते रंगभूमीवर आले त्यांच्या निधनानंतर, आणि बळवंत संगीत मंडळीच्या प्रयोगांत चिंतामणराव कोल्हटकरांनी उभा केलेला घनश्याम पुढच्या पिढ्यांच्याही बोलण्यात राहिला. गडकऱ्यांना शेवटचा विसावा आमच्या जिल्ह्याने दिला. म्हणूनच या खलनायकाच्या मनाचा अभ्यास नागपुरातून मांडताना थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी समजून घ्यावा.

नाटकातल्या दुष्ट माणसाला मानसशास्त्राच्या चष्म्यातून पाहायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. जिवंत माणसाला न तपासता दुरून रोगाचे नाव चिकटवणे गैरच. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तर १९७३ पासून आपल्या सभासदांना सार्वजनिक व्यक्तींबाबत तसे करण्याची मनाई केली आहे. घनश्यामची गोष्ट वेगळी. त्याच्या अब्रूला धक्का लागत नाही आणि त्याचा शब्द न् शब्द सर्वांसमोर आहे. मनाविषयी अंदाज कसा बांधावा आणि कोठे थांबावे, हे शिकायला याहून निर्धोक जागा मला ठाऊक नाही.

नवख्या वाचकाने एक गोष्ट आधी पक्की करावी. व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे वाईट स्वभाव नव्हे. विचार करण्याची, नाती जोडण्याची, स्वतःला सावरण्याची एक ताठर रीत दीर्घकाळ टिकते, आयुष्याच्या अनेक अंगांत दिसते आणि त्या माणसाला किंवा भोवतालच्यांना त्रास देते, तेव्हाच हा शब्द वापरतात. मनोविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत असे दहा प्रकार आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने मात्र बहुतेक जुनी नावे बाजूला ठेवून विकार किती तीव्र आहे याला महत्त्व दिले. नावांची यादी पाठ करण्याची घाई म्हणूनच नको.

आता घनश्यामकडे या. नाटकातल्या श्रीमंत धनेश्वराची मुलगी लतिका त्याचा पाणउतारा करते. तो अपमान त्याच्या जिव्हारी लागतो, आणि धनेश्वराचे वर्म हाती असल्याने तो सूड मांडतो. हाइन्झ कोहुट या मनोविश्लेषकाने १९७२ साली आत्मप्रीतीला बसलेल्या घावातून उसळणाऱ्या संतापावर लिहिले. तो संताप समोरच्याला हरवून शमत नाही, त्याला बसलेला घाव काहीही करून पुसून टाकायचा असतो. गडकऱ्यांनी हे अर्धशतक आधी रंगमंचावर आणले होते! मग घनश्यामला आत्मपूजक व्यक्तिमत्त्वाचा विकार होता असे म्हणावे का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. त्या घावाआधीचा घनश्याम आपल्याला पुरेसा दिसतच नाही. त्याचे बालपण, त्याची मैत्री, त्याचे एकटेपण नाटककाराने दाखवलेले नाही, आणि सूड एकाच अपमानाभोवती फिरतो. आयुष्यभराची रीत सिद्ध करायला एवढा पुरावा अपुरा आहे. शिवाय लतिकेच्या तिरस्कारात श्रीमंतीचा तोरा किती, हा प्रश्न मानसशास्त्राइतकाच समाजशास्त्राचाही आहे. या चष्म्याचा खरा उपयोग मला येथेच दिसतो. निदान हाती लागत नाही, पण अपमानाचा प्रवेश आपण दुसऱ्यांदा, सावकाश वाचतो.

आणखी एक विनंती. नागपुरातले प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचे. तेथे उपचार घेणाऱ्यांपैकी कोणी घनश्याम नसतो. खलनायक आणि रुग्ण यांची सरमिसळ केली, तर या अभ्यासाने ज्यांचे भले व्हावे त्यांचेच नुकसान होईल.

वाचकांनी आधी ‘भावबंधन’ एका बैठकीत, कुठलीही टिपणे न काढता वाचावे. मग कोल्हटकरांचे आत्मचरित्र ‘बहुरूपी’ हाती घ्यावे, कारण घनश्याम वर्षानुवर्षे अंगावर वागवलेल्या नटाची बाजू त्यात भेटेल. मानसशास्त्राचे पुस्तक सर्वांत शेवटी उघडा. आणि शक्य असेल तर घनश्यामची भाषणे मोठ्याने वाचा. ती बोलण्यासाठी लिहिलेली आहेत.