बेंटलीचा भाता

लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीहि घातला, तरी भाता चालल्याशिवाय लोखंड लाल होत नाहीं. मोटारीच्या इंजिनाचें तसेंच आहे. सिलिंडरमध्यें पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें; परंतु तें जाळण्यास पुरेशी हवा नसेल तर तें व्यर्थ जातें. म्हणून इंजिनाची शक्ति वाढविणें म्हणजे मुख्यतः त्याला अधिक हवा पुरविणें होय. याचे मार्ग दोन: सिलिंडरच मोठे करावे, किंवा आहेत त्याच सिलिंडरांत यंत्राच्या साहाय्यानें हवा कोंबावी. यांपैकीं श्रेष्ठ मार्ग कोणता, याविषयीं इंग्लंडांत १९३० च्या सुमारास एक वाद रंगला. त्याचा निकाल शर्यतीच्या रस्त्यावर लागला. आणि नवल असें कीं, दोन्ही पक्षांच्या गाड्यांवर नांव एकच होतें, तें म्हणजे बेंटली.

डब्ल्यू. ओ. बेंटली यांनीं १९२७ सालीं साडेचार लिटरांची मोटार बाजारांत आणली. तिची शक्ति ११० अश्वशक्ति होती, आणि १९२८ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत याच जातीच्या गाडीनें जिंकली. तथापि प्रतिस्पर्धी स्वस्थ बसणारे नव्हते. अधिक वेग हवा असेल तर इंजिन मोठें करावें, असें बेंटली यांचें ठाम मत होतें. त्यांच्या साडेसहा लिटरांच्या ‘स्पीड सिक्स’चा जन्म त्यांतूनच झाला. त्यांच्याच गाड्या शर्यतींत हांकणारा सर हेन्री बर्किन, ज्याला सारे ‘टिम’ म्हणत, त्याला हें पटेना. त्याला लहान इंजिनालाच भाता जोडावयाचा होता.

वेल्विन येथें बर्किननें आपली कार्यशाळा थाटली. पुढें पैसा पुरविला तो डोरोथी पॅजेट या धनाढ्य तरुणीनें. अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्स या अभियंत्यानें सुपरचार्जर, म्हणजे हा यांत्रिक भाता, तयार केला. एका पेटींत परस्परविरुद्ध फिरणारे दोन दांडे हवा व पेट्रोल यांचें मिश्रण पुढें रेटीत. इंजिनाच्या रचनेंत ढवळाढवळ बेंटली यांना खपली नसती. म्हणून भाता रेडिएटरच्याहि पुढें, क्रँकशाफ्टच्या टोंकाला बसविण्यांत आला. त्याच्या योगानें रस्त्यावरील गाडीची शक्ति १७५, आणि शर्यतीच्या गाडीची सुमारें २४० अश्वशक्तीवर गेली. शर्यतीच्या नियमांसाठीं अशा पन्नास गाड्या विक्रीसाठीं बनविणें आवश्यक होतें. बेंटली यांचा विरोध असतांहि कंपनीचे अध्यक्ष वूल्फ बार्नाटो यांनीं त्यास संमति दिली.

बेंटली यांचा विरोध केवळ अभिमानापोटीं नव्हता. इंजिनाचा प्रत्येक भाग ठराविक ताण धरूनच घडविलेला असतो. हवा दाबून भरली कीं उष्णता वाढते, पिस्टन व बेअरिंगें यांवरील भार वाढतो, आणि तेलाची व पेट्रोलची भूकहि वाढते. भात्याच्या गाडीसाठीं क्रँकशाफ्ट, पिस्टन व तेलाची व्यवस्था हीं निराळीं करावीं लागलीं, हीच त्यांच्या शंकेची साक्ष होय.

१९३० च्या जून महिन्यांत ल मां येथें परीक्षा झाली. रुडॉल्फ काराचिओला हा जर्मन वीर सात लिटरांच्या मर्सिडीजमध्यें बसला होता. तिलाहि भाता होता. पण चालकानें अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला तरच तो इंजिनाला जोडला जाई. बर्किनचा भाता मात्र इंजिनाबरोबर अखंड फिरे. मुल्सानच्या सरळ रस्त्यावर बर्किननें चाकें गवतांत घालून मर्सिडीजला मागें टाकलें, तेव्हां त्याच्या एका टायरचें रबर सोलून निघालें होतें! पुढें मर्सिडीज बिघडून बाद झाली. परंतु भात्याच्या दोन्ही बेंटलीहि शेवटपर्यंत टिकल्या नाहींत. पहिला व दुसरा क्रमांक बिनभात्याच्या ‘स्पीड सिक्स’ गाड्यांनीं पटकावला, आणि विजयी गाडीच्या दोन चालकांपैकीं एक स्वतः बार्नाटो होते.

बर्किन त्याच वर्षीं पो येथील फ्रेंच ग्रां प्रींत आपली अवजड गाडी घेऊन दुसरा आला. १९३२ सालीं ब्रुकलँड्सच्या धांवपट्टीवर त्यानें ताशीं १३७.९६ मैलांचा विक्रम केला. वेग भात्यानें दिला. दीर्घ शर्यतीचा विजय दिला नाहीं. पॅजेटबाईंनीं १९३० सालींच हात आंखडता घेतला होता. १९३१ सालीं कंपनी रोल्स-रॉइसच्या हातीं गेली आणि १९३३ सालीं बर्किन अकालीं निवर्तला.

तेव्हां बर्किन चुकला काय? आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्यानें १९०५ सालींच, इंजिनांतून वायां जाणाऱ्या धुरानेंच भाता फिरविण्याची युक्ति मांडली होती. तोच आजचा टर्बोचार्जर. मात्र सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारींत तो यावयास १९६२ साल उजाडलें. टर्बो मोटारीची शक्ति वाढवून देणारे आजचे जाणते कारागीरहि नुसता दाब वाढवून थांबत नाहींत. पेट्रोलचा पुरवठा, दाबलेल्या हवेचें शीतन, क्लच, ब्रेक, सारें त्या शक्तीच्या तोलाचें करून घेतात. बेंटली यांची शंका आणि बर्किनची हांव या दोहोंचा मेळ तेथें बसतो.

१९८२ सालीं बेंटली कंपनीनें स्वतःच टर्बोची मोटार काढली. बेंटली १९७१ सालींच वारले होते. ती पाहावयास ते राहिले नव्हते. गाडीचें नांव होतें ‘मुल्सान टर्बो’. ज्या रस्त्यावर बर्किननें चाकें गवतांत घातलीं होतीं, त्याच रस्त्याचें नांव.