पदराची गाठ आणि गटाची कीर्द

जेवणं उरकली का? चुलीपुढचं आवरून झालं असेल तर बसा अशा घटकाभर. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. पण तो लढायांचा आणि किल्ल्यांचा नाही. वह्यांचा इतिहास आहे. माणसाच्या डोक्यात मावेनासं झालं की ते ठेवायचं कुठं, हा प्रश्न आपल्याला आज पडलाय तसा आधीच्या लोकांनाही पडला होता. त्यांनी त्याचं काय केलं, ते बघू.

आधी आमच्याच गटातलं सांगतो. चूक आमची आहे, म्हणून लपवत नाही.

मागच्या वर्षी पेरणीच्या दिवसांत आमच्यातल्या एका ताईनं कर्जाचा हप्ता आठवडी बाजारातच कोषाध्यक्षांच्या हातात दिला. दोन हजार रुपये. कोषाध्यक्षांच्या एका हातात बियाण्याची पिशवी, दुसऱ्या हातात पोर. वही घरी. त्यांनी बियाण्याच्या पावतीमागं रक्कम लिहिली, फोनवर तिचा फोटो काढला आणि म्हणाल्या, घरी गेल्यावर मांडते. त्याच आठवड्यात पीकविम्याचा अर्ज, रेशनकार्डाचं केवायसी, पोराचा शाळेचा दाखला आणि बँकेची फेरी. पावती कुठं गेली कळलं नाही. फोटो सुप्रभाताच्या फुलांखाली आणि लग्नपत्रिकांखाली गाडला गेला.

बैठकीत थकबाकीची नावं वाचली, त्यात त्या ताईचं नाव आलं. ती म्हणाली, "मी बाजारात दिलेत की गं." कोषाध्यक्षांना आठवेना. आम्ही सगळ्यांनी वहीत बघितलं. वहीत नव्हतं. ताई काही न बोलता उठली. पुढच्या दोन बैठकांना ती आली नाही.

श्रावणात फोनची जागा भरली म्हणून कोषाध्यक्षा जुने फोटो काढून टाकत होत्या, तेव्हा ती पावती दिसली. आम्ही सगळ्याजणी तिच्या घरी गेलो, माफी मागितली. तिनं चहा केला. मग म्हणाली, "पैशाचं काही नाही गं. तुम्ही वहीला विचारलंत आणि तिचं खरं धरलंत. मी बारा वर्षं तुमच्यात बसते, माझं नाही धरलंत."

हे आम्हाला फार लागलं. वही खोटं बोलली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून आम्ही गटातल्या आज्यांना, शाळेतल्या गुरुजींना विचारत गेलो, वाचनालयातली पुस्तकं काढून वाचली, की पूर्वी लोक हे कसं सांभाळत होते. त्यातून जे हाती आलं ते असं.

सगळ्यात जुनी वही म्हणजे आपला पदर. काही विसरायचं नसलं की बायका पदराला गाठ मारत. गाठ हाताला लागली की काम आठवायचं. आपल्या भाषेत 'खूणगाठ' हा शब्दच आहे. मनाशी खूणगाठ बांधली, असं आपण आजही म्हणतो. दूर दक्षिण अमेरिकेत इंका लोकांचं मोठं राज्य होतं. त्यांच्याकडे आपल्यासारखी अक्षरांची लिपी नव्हती. ते दोऱ्यांना गाठी मारून हिशेब ठेवत. गाठ कुठल्या जागी आहे त्यावरून एकक, दशक, शतक कळायचं. या दोऱ्यांना किपू म्हणत आणि त्या वाचणारी खास माणसं होती. म्हणजे गाठ हे अडाण्याचं काम नाही, त्यावर राज्याचा हिशेब राहिला आहे.

आमच्या आज्यांनी दुधाचा हिशेब चौकटीवर कोळशाच्या रेघा ओढून ठेवला. पण गाठीची आणि रेघेची एक अडचण असते. ज्यानं ती मारली त्यालाच ती कळते. आजी गेली की तिची रेघ मुकी होते. चार माणसांचा व्यवहार असेल, तर चार माणसांना वाचता येईल असं काहीतरी लागतं.

आपल्या मुलखात त्यासाठी मोडी लिपी चालायची. देवगिरीच्या यादवांचा प्रधान हेमाद्री पंडित, म्हणजे आपला हेमाडपंत, याच्याकडे तेराव्या शतकात राज्याच्या दफ्तराचा कारभार होता. मोडी त्यानं रूढ केली अशी परंपरा सांगतात. मोडीत हात फारसा न उचलता भराभर लिहिता येतं. कामाचा लोंढा आला की लिहिणंही वेगानं व्हावं लागतं, हे तेव्हाच्या लोकांनी ओळखलं होतं.

पुढं शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत हिशेब बघणारे अमात्य वेगळे, पत्रव्यवहार बघणारे सचिव वेगळे आणि महाराजांच्या रोजच्या घडामोडींची नोंद ठेवणारे मंत्री, म्हणजे वाकनीस, वेगळे. आठ प्रधानांपैकी तिघांचं काम मुख्यतः कागदाचं. एका माणसाच्या डोक्यावर सगळं टाकलेलं नव्हतं.

'दफ्तर' हा शब्दही बघा. तो अरबी-फारसीतून आला, पण मूळचा ग्रीक. मूळ अर्थ कातडं. पूर्वी कातड्यावर लिहीत, म्हणून ते नाव. आज आपली पोरं तोच शब्द पाठीवर घेऊन शाळेत जातात.

आता पेशव्यांच्या दफ्तराकडे येऊ, कारण आमचं डोकं तिथं उघडलं. पुण्यात हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून होते. गावागावांतून वसुलीचे हिशेब, फौजेचे खर्च, इनामं, तंटे, सगळ्याचे कागद तिथं येत. एवढ्या कागदात बुडून जायचं नसेल तर काय करायचं? त्यांनी दफ्तराचे दोन भाग केले. एक चालते दफ्तर. त्यात आजचं, हातातलं काम. दुसरं एकबेरीज दफ्तर. तिथं सगळीकडचे हिशेब येऊन लावले जात, वर्षाची जमा, खर्च आणि शिल्लक मांडली जाई. चालतं वेगळं आणि साठलेलं वेगळं. कागद चौकोनी कापडात बांधून ठेवत, त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. पुण्याच्या अभिलेखागारात असे हजारो रुमाल आजही आहेत. त्यांतले निवडक कागद रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पंचेचाळीस भागांत छापून काढले.

त्या काळच्या लिहिण्यातही पायऱ्या होत्या. पहिली रोजकीर्द. दिवसभरात जे घडेल ते घडेल त्या क्रमानं लिहायचं. इथं निवडानिवड नाही, आवडनिवड नाही. दुसरी खतावणी. कीर्दीतली नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची. तिसरा ताळा. दोन्हीकडची बेरीज जुळते का ते बघायचं. आपल्या गटाच्या वहीवर 'कीर्द' आणि 'खतावणी' हेच शब्द छापलेले असतात, पण ते इतके जुने आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

एवढी चोख व्यवस्था, मग ती मोडली कशी? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराकडे दुर्लक्ष झालं. राज्य गेल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनी कागद तपासले, तेव्हा त्यांना दिसलं की १७९६ पासून १८१७ पर्यंत दफ्तराची हेळसांड झाली आणि लोकांनी कागद उचलून नेले तरी कुणी विचारलं नाही. वीस-एकवीस वर्षांत कित्येक वर्षांची घडी विसकटली. कपाटं होती, शाई होती, लिहिणारे होते. रोज बसून मांडायची सवय तेवढी गेली. आमच्या कोषाध्यक्षांचं "घरी गेल्यावर मांडते" आम्हाला इथं आठवलं.

हीच कीर्द-खतावणीची रीत आपल्या जमिनीच्या कागदात अजून आहे. तलाठ्याकडे गाव नमुने असतात. खरेदी झाली, वारस लागला, की आधी नोंद होते ती गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफारात. ती मंजूर झाली की सातबारावर चढते. सातबारा म्हणजे नमुना सात आणि नमुना बारा मिळून. आणि एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन एका जागी बघायची तर आठ-अ. फेरफार ही जणू कीर्द आणि आठ-अ ही खतावणी. म्हणून सांगतो, घरातला कर्ता माणूस गेला आणि वारसाची नोंद फेरफारात घातलीच नाही, तर सातबारावर बाईचं नाव आपोआप येत नाही. तोंडानं सगळं गाव म्हणेल, जमीन हिचीच. कागदाला कुणी सांगितलेलं नसतं.

या सगळ्या दफ्तरांत बायका कुठं होत्या? कारकून सगळे पुरुष. बायकांचा हिशेब डोक्यात. कणगीत किती पायली उरली, कुणाकडून उसनं काय आणलं, कुठल्या सुनेला कितवा महिना, सगळं तोंडपाठ. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तिथून पाटी-लेखणी हळूहळू आपल्या हातात आली. पण खेड्यातल्या कागदावर आपला अंगठाच राहिला, फार वर्षं राहिला.

माणदेशातली गोष्ट तुमच्यातल्या पुष्कळजणींना माहीत असेल. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्यासोबत बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं अर्ज नाकारला, कारण सभासद बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या बायका अक्षरं शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही काढतो. तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. बघू कोण आधी सांगतं. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. हिशेब त्यांच्या डोक्यात आधीपासून होताच. तो कागदावर आला, तेव्हा जगानं मानला.

आज उलटी अडचण आहे. कागद फार झालेत. अंगणवाडीच्या ताईकडे अकरा-अकरा नोंदवह्या होत्या, २०२१ पासून त्यात पोषण ट्रॅकर फोनवर आला. गटाची कीर्द, खतावणी, इतिवृत्त, पासबुकं आहेतच. उमेद अभियानाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीनं पाचवं सूत्र नियमित लेखे हे आहे. शिवाय फोनवर पाच-सहा समूह, त्यात कामाचा निरोप एक आणि बाकीचं रामराम-शामशाम. भिंतीवर कॅलेंडर. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी कालनिर्णय काढलं, तेव्हापासून कितीतरी घरांत दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख त्याच्याच चौकोनात लिहिली जाते. चौकटीवरची रेघ कॅलेंडरावर आली, एवढाच फरक.

आम्ही जुन्या दफ्तराकडून तीन गोष्टी घेतल्या.

एक. कोषाध्यक्षांच्या कमरेला छोटी वही आणि पेन्सिल असते. ती आमची रोजकीर्द. पैसा हातात आला की तिथंच उभ्या उभ्या लिहायचं, आणि देणारीनं त्यापुढं सही करायची. फोटो काढायचा तर काढा, पण फोटो म्हणजे नोंद नव्हे.

दोन. चालतं आणि साठलेलं वेगळं. या महिन्याचे कागद एका पिशवीत. महिना संपला की घरातल्या कागदांच्या तीन पिशव्या: जमीन, दवाखाना-शाळा, बँक. प्रत्येकीनं आपल्या घरी जुन्या साडीचे तुकडे शिवून त्या केल्यात. रुमालच म्हणा. फोनवरही गटाच्या कामाचा एकच समूह ठेवला, त्यात फुलं टाकायची नाहीत.

तीन. दर बैठकीत सुरुवातीला कीर्द मोठ्यानं वाचायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही ऐकू येते. आणि वहीचं आणि बाईचं जुळलं नाही, तर थकबाकी म्हणायच्या आधी आठ दिवस शोधायचं.

तिसरी गोष्ट आम्ही पेशव्यांकडून घेतली नाही. ती त्या ताईकडून शिकलो. ती आता बैठकीला येते, पण अजून हप्ता दिला की म्हणते, "लिहिलंस का? दाखव." आम्ही दाखवतो.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला येताना एक काम करा. डब्यात, उशीखाली, देवळीत, फोनच्या मागच्या कव्हरात ज्या चिठ्ठ्या आणि पावत्या दडवून ठेवल्यात, त्या सगळ्या घेऊन या. गोल करून बसा आणि एकेक वाचून कीर्दीत चढवा. काय काय सापडलं, ते आम्हाला पत्रानं कळवा. येतो आता. राम राम.