वॉशिंग्टन परगणा, ओहायओ : आद्य वसाहतकार व कुलेतिहास-संशोधन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कुलेतिहासाचा शोध बहुधा परगण्याच्या (कौंटीच्या) कचेरीपाशी सुरू होतो. विवाहाची नोंद, खरेदीखते, मृत्युपत्रे, करआकारणीच्या याद्या व न्यायालयीन दावे ही सर्व दप्तरे तेथे परगण्याच्या पातळीवर ठेवली जातात. देशभर एकसारखी जन्ममृत्युनोंदणी फार उशिरा सुरू झाली. ओहायओ राज्यात परगण्यांनी जन्ममृत्यूंची नोंद १८६७ पासून व राज्याने १९०८ च्या अखेरीपासून ठेवली. त्यापूर्वीच्या माणसाचा माग जमीन, कर व वारसा यांच्या कागदांतूनच काढावा लागतो. या कागदांत कोण आढळते आणि कोण आढळत नाही, यावरच ‘आद्य वसाहतकार’ या संज्ञेचा अर्थ ठरत गेला आहे. ओहायओच्या आग्नेय भागातील वॉशिंग्टन हा डोंगराळ व मुख्यतः ग्रामीण परगणा याचे चांगले उदाहरण होय.

अमेरिकन क्रांतियुद्धातील सेनाधिकाऱ्यांनी १ मार्च १७८६ रोजी बॉस्टन येथे ‘ओहायओ कंपनी ऑफ असोशिएट्स’ ही संस्था स्थापिली. वायव्य प्रदेशाच्या शासनाचा अध्यादेश १३ जुलै १७८७ रोजी संमत झाला व त्याच वर्षी मनासा कटलर या धर्मोपदेशकाने कंपनीतर्फे काँग्रेसकडून सु. १५ लाख एकर जमीन घेण्याचा करार केला. रक्कम पूर्ण भरता न आल्याने प्रत्यक्षात यापेक्षा बरीच कमी जमीन पदरात पडली. ७ एप्रिल १७८८ रोजी रूफस पटनम याच्या नेतृत्वाखाली ४८ माणसे मस्किंगम व ओहायओ या नद्यांच्या संगमावर उतरली. हेच मॅरिएटा गाव. २६ जुलै १७८८ च्या सुमारास गव्हर्नर आर्थर सेंट क्लेअर याच्या जाहीरनाम्याने वॉशिंग्टन परगणा अस्तित्वात आला. कंपनीच्या भूमिकचेरीची त्या वेळची लाकडी इमारत व पटनमचे घर आजही मॅरिएटाच्या संग्रहालयात जतन केलेले आहे.

या ४८ जणांची यादी परगण्याच्या इतिहासात फार मानाची समजली जाते. तथापि ते या खोऱ्यातील पहिले गोरे रहिवासी नव्हते. संगमाच्या पश्चिम तीरावर फोर्ट हार्मार हा किल्ला १७८५ मध्येच बांधण्यात आला होता आणि विनापरवाना जमीन बळकावणाऱ्यांना रोखणे हे त्याच्या प्रयोजनांपैकी एक होते. त्याच वर्षी जोसाया हार्मारच्या हुकमावरून जॉन आर्मस्ट्राँग या अधिकाऱ्याने ओहायओ नदीकाठच्या अशा रहिवाशांना हुसकावून लावले. हॉकिंग व मस्किंगम या नद्यांवर शेकडो कुटुंबे असल्याचे त्याच्या कानी आले होते. आकडा ऐकीव असला, तरी वस्ती होती यात शंका नाही. या लोकांपाशी ना खरेदीखत होते ना मोजणीचा नकाशा. म्हणून त्यांची नावे सैनिकी पत्रव्यवहारात तुरळक येतात व परगण्याच्या दप्तरात जवळजवळ येतच नाहीत. वंशजांना ‘पहिल्या’ पूर्वजाचा मान मिळाला, तो जमिनीची कायदेशीर कागदपत्रे असलेल्यांच्या वंशजांना.

संशोधकाची पहिली अडचण सीमांची आहे. मूळचा वॉशिंग्टन परगणा आजच्या पूर्व ओहायओचा फार मोठा भाग व्यापणारा होता. त्यातून पुढे अनेक परगणे निघाले : अथेन्स १८०५ मध्ये वेगळा झाला, मॉर्गन १८१७ मध्ये व नोबल १८५१ मध्ये इतर परगण्यांबरोबर वॉशिंग्टनचाही काही भाग घेऊन बनले. कुटुंब एकाच शेतावर राहिले, तरी त्याचे कागद दोन-तीन कचेऱ्यांत विखुरले. कारण जुने दप्तर सामान्यतः मूळ परगण्यातच राहते. २ जानेवारी १७९१ रोजी बिग बॉटम येथील वस्तीवर डेलावेअर व वायंडॉट योद्ध्यांनी हल्ला करून सु. बाराजणांना ठार केले. ते स्थळ त्या वेळी वॉशिंग्टन परगण्यात होते, आज ते मॉर्गन परगण्यात आहे. नुसत्या आजच्या नकाशावर विसंबणारा शोध येथे चुकीच्या कचेरीत जाऊन थांबतो.

दुसरी अडचण जनगणनेची. १७९० च्या पहिल्या जनगणनेत वायव्य प्रदेशाची गणती झालीच नाही. पुढे १८४० पर्यंतच्या गणत्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव व बाकीच्यांची वयोगटवार संख्या दिलेली असते. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचे नाव प्रथम १८५० मध्ये व कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते १८८० मध्ये नोंदले गेले. १८९० च्या गणतीचे बहुतेक तक्ते १९२१ मध्ये वॉशिंग्टन शहरी लागलेल्या आगीमुळे नष्ट झाले. त्यामुळे १८८० ते १९०० ही वीस वर्षे अनेक कुटुंबांच्या इतिहासात अंधारी राहतात.

स्त्रियांचा माग तर आणखी दुर्घट. विवाहानंतर आडनाव बदलते आणि मालमत्ता पतीच्या नावावर असते. येथे खरेदीखतेच उपयोगी पडतात : पतीने जमीन विकताना पत्नीला तिचा वैधव्यातील हक्क सोडून द्यावा लागे, म्हणून तिचे नाव, निदान पहिले नाव, खतात येते. क्रांतियुद्धातील सैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे याहूनही मोलाची आहेत. युद्धखात्याची जुनी कागदपत्रे १८०० च्या आगीत जळाली होती. म्हणून १८३२ च्या अधिनियमानुसार वृद्ध सैनिकांनी परगण्याच्या न्यायालयात शपथेवर आपली चाकरी कथन केली व लेखनिकाने ती उतरून घेतली. १८३६ पासून विधवांनाही दावा करता येऊ लागला. विवाहाचा दुसरा पुरावा नसल्याने काहींनी घरच्या बायबलमधील कुलनोंदीचे पान फाडून अर्जाला जोडले. ती पाने आजही राष्ट्रीय अभिलेखागारातील फायलींत आहेत. महाराष्ट्रातील वतनाच्या तंट्यांत सादर झालेल्या वंशावळींप्रमाणे येथेही कुळाची माहिती हक्क शाबीत करण्यासाठीच कागदावर आली. हे लक्षात ठेवून ती वाचावी लागते.

मुद्रित साधनांत सॅम्युएल प्रेस्कॉट हिल्ड्रेथ (१७८३–१८६३) याचे काम मूलभूत आहे. मॅरिएटाचा हा वैद्य १८०६ मध्ये ओहायओत आला. त्या वेळी पहिल्या पिढीतील अनेकजण हयात होते. त्यांच्या आठवणी व कागद यांवर आधारलेले त्याचे ग्रंथ १८४८ व १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले. या उलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात निघालेले परगण्यांचे जाडजूड इतिहास बहुधा वर्गणीदारांच्या आश्रयावर छापले जात. त्यांतील चरित्रे घरच्यांनीच पुरविलेली असल्याने आजोबा नेहमी कष्टाळू व धर्मशील असतो, दिवाळखोर कधीच नसतो. दिवाळखोरी पाहायची तर दिवाणी न्यायालयाच्या नोंदवह्या उघडाव्या लागतात.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत एकच नदी दोन प्रकारच्या दप्तरांची सीमा बनते. ओहायओत गुलामगिरीला बंदी होती. समोरच्या तीरावर व्हर्जिनियाचा (१८६३ पासून वेस्ट व्हर्जिनियाचा) वुड परगणा होता. तेथील १८५० व १८६० च्या गुलामांच्या तक्त्यांत मालकाच्या नावाखाली सामान्यतः वय, लिंग व वर्ण एवढेच नोंदलेले आहे, नाव नाही. नदी ओलांडून आलेल्या माणसावर ओहायओच्या १८०४ च्या कायद्याने स्वातंत्र्याचा दाखला दाखवून स्वतःचे व मुलांचे नाव परगण्याच्या न्यायालयात नोंदविण्याची सक्ती केली. १८०७ मध्ये ५०० डॉलरच्या हमीची भर पडली. हे कायदे बव्हंशी १८४९ मध्ये रद्द झाले. ज्या परगण्यांत या नोंदवह्या टिकल्या आहेत, तेथे ज्यांना अपमानित करण्यासाठी त्या ठेवल्या गेल्या त्यांच्याच वंशजांना आज त्या पूर्वजांचा पहिला लेखी पुरावा पुरवितात.

मूळ रहिवाशांची नावे परगण्याच्या कचेरीत शोधणे बहुतांशी व्यर्थ आहे. फोर्ट हार्मारच्या (१७८९) व ग्रीनव्हिलच्या (१७९५) तहांखाली त्यांच्या प्रमुखांची नावे व खुणा आहेत. डेलावेअरांपैकी जे ख्रिस्ती झाले, त्यांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मोरेव्हियन मिशनऱ्यांनी ठेवल्या व त्या पेनसिल्व्हेनियातील बेथलीएम येथे आहेत. इतरांचा शोध त्यांच्या स्थलांतराच्या मार्गाने इंडियाना, मिसूरी, कॅनझस व ओक्लाहोमा असा पश्चिमेकडे न्यावा लागतो. डेव्हिड मॅक्‌कलो यांनी २०१९ मध्ये मॅरिएटाच्या वसाहतकारांवर लिहिलेला ग्रंथ लोकप्रिय झाला, तेव्हा या लोकांची बाजू त्यात अपुरी आल्याची टीका अनेक इतिहासकारांनी केली व ती रास्त होती. खुद्द मॅरिएटात प्राचीन मृत्तिकास्तूप आहेत. १७८८ मध्ये कटलरने तेथील एका वृक्षाची ४६३ वर्तुळे मोजून ते कोलंबसपूर्व असल्याचे अनुमान काढले. त्यांतील सर्वांत उंच स्तूपाभोवती वसाहतकारांनी आपली दफनभूमी केली. तेथील क्रांतियुद्धातील अधिकाऱ्यांच्या स्मृतिशिला आज वंशजांकडून वाचल्या व उतरून घेतल्या जातात.