पॅकेज कोणी बांधायचे?

लिनक्सच्या कर्नेलचा सोर्स कोड ज्या सर्व्हरवर ठेवला जाई, तिथे घुसखोरी झाल्याचे ऑगस्ट २०११ मध्ये उघडकीस आले आणि ते सर्व्हर काही आठवडे बंद ठेवावे लागले. लिनस टोरवाल्ड्स यांना त्यामुळे अनपेक्षित सवड मिळाली. त्यांना स्कूबा डायव्हिंगचा नाद. मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर पाण्याखालची खोली, वेळ, तापमान यांची नोंद ठेवतो. ती नोंद संगणकावर उतरवून घेणारा मनाजोगता प्रोग्राम लिनक्सवर नव्हता. टोरवाल्ड्स यांनी तो स्वतःच लिहायला घेतला. हाच 'सबसरफेस'. पुढे त्याची धुरा डर्क होंडेल यांनी उचलली.

तीन वर्षांनी, ऑगस्ट २०१४ मध्ये, अमेरिकेतील पोर्टलंड येथे डेबियन प्रकल्पाची वार्षिक परिषद भरली. तिथल्या प्रश्नोत्तरांत टोरवाल्ड्स यांनी तक्रार मांडली, की विंडोज आणि मॅकसाठी आम्ही सबसरफेस तयार स्वरूपात देतो, लिनक्ससाठी मात्र देत नाही, कारण ते करणे म्हणजे डोकेदुखी आहे. ज्याने लिनक्स घडवले त्याच्याच प्रोग्रामला लिनक्सवर बिऱ्हाड मिळेना! आणि ज्यांच्या नियमांमुळे ते मिळत नव्हते, त्यांच्याच मांडवात उभे राहून हे गाऱ्हाणे घातले जात होते.

तक्रारीचे मूळ १९९३ च्या आसपास सापडते. लिनक्स म्हणजे नुसता कर्नेल. त्याभोवती बाकीचा संसार मांडून वापरण्याजोगी प्रणाली देण्याचे काम वितरणे करतात, ज्यांना बोलीत डिस्ट्रो म्हणतात. स्लॅकवेअर आणि डेबियन १९९३ मध्ये सुरू झाले, तर १९९५ मध्ये रेड हॅटने आरपीएम हे स्वतःचे पॅकेज-स्वरूप आणले. प्रत्येकाची घडी वेगळी. प्रोग्रामचा कर्ता फक्त सोर्स कोड देणार. तो कंपाइल करून, आपल्या डिस्ट्रोच्या मापात बसवून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचवणार तो पॅकेज बांधणारा. बहुतेक ठिकाणी हा माणूस बिनपगारी स्वयंसेवक असतो, हे विसरता कामा नये.

या व्यवस्थेत एक लायब्ररी एकाच प्रतीत ठेवायची आणि सर्व प्रोग्रामांनी ती वाटून घ्यायची, असा दंडक आहे. तो लहरीने आलेला नाही. २००२ मध्ये झेडलिब या फाइली आवळणाऱ्या लायब्ररीत गंभीर दोष सापडला, तेव्हा कितीतरी प्रोग्रामांनी तिची स्वतंत्र प्रत पोटात घेतलेली होती. त्या एकेक शोधून दुरुस्त कराव्या लागल्या. उलट एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधला 'हार्टब्लीड' हा दोष बाहेर आला, तेव्हा डिस्ट्रोने एक सामायिक प्रत बदलली की तिच्यावर विसंबलेले प्रोग्राम पुन्हा सुरू करताच सुरक्षित होत. पोर्टलंडची परिषद त्यानंतर चारच महिन्यांनी भरली होती. समोर बसलेल्यांचा हट्ट त्या संदर्भात पाहिला पाहिजे.

पण सबसरफेसची अडचणही खरी होती. डाइव्ह कॉम्प्युटरशी बोलण्यासाठी तो 'लिबडाइव्हकॉम्प्युटर' ही लायब्ररी वापरतो. ती जगात मोजक्याच प्रोग्रामांना लागते, नवनवी उपकरणे येतील तशी सतत बदलते, आणि सबसरफेसला तिची स्वतःची सुधारलेली आवृत्ती हवी असते. डिस्ट्रोच्या भांडारात दोन वर्षांपूर्वीची प्रत असेल, तर नवे उपकरण ओळखलेच जाणार नाही. त्यात जीलिबसी ही पायाभूत लायब्ररी: नव्या प्रणालीवर कंपाइल केलेला प्रोग्राम जुन्या प्रणालीवर बहुधा सुरूच होत नाही. हा प्रोग्राम पुढच्या बुडीचे नियोजनही करतो, म्हणजे वर येताना कुठे किती मिनिटे थांबायचे याचे गणित मांडतो. ते गणित कोणत्या आवृत्तीने केले हे कर्त्याला माहीत असावे, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

एकच पॅकेज सर्वत्र चालावे यासाठीचे प्रयत्न जुनेच. लिनक्स स्टँडर्ड बेस या मानकाने आरपीएम स्वीकारले, म्हणजे डेबियनवाल्यांना परक्याचे कपडे घालायला सांगितले. ते कधी अंगाला बसले नाहीत. ऑटोपॅकेज आले आणि विरले. टिकला तो सायमन पीटर यांचा 'क्लिक'. २००४ मध्ये सुरू झालेल्या या कल्पनेचेच पुढे ॲपइमेज झाले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे एकाच फाइलीत. ती उतरवायची, चालवण्याची परवानगी द्यायची आणि उघडायची. प्रतिष्ठापना नाही, प्रशासकाचा पासवर्ड नाही. जीलिबसीची अडचण टाळायला ती फाइल मुद्दाम जुन्या प्रणालीवर बांधायची. २०१५ च्या अखेरीस सबसरफेसचे ॲपइमेज तयार झाले आणि टोरवाल्ड्स यांनी त्याचे जाहीर कौतुक केले.

लगेच २०१६ मध्ये आणखी दोन दावेदार पुढे आले. कॅनॉनिकलने उबुंटू १६.०४ बरोबर स्नॅप आणले. रेड हॅटमधील अलेक्झांडर लार्सन यांच्या 'एक्सडीजी-ॲप'चे त्याच वर्षी फ्लॅटपॅक असे बारसे झाले. दोन्ही प्रोग्रामला कुंपणात ठेवतात, त्याला मागेल तेवढीच मुभा देतात. फ्लॅटपॅकची खुबी अशी, की केडीई किंवा ग्नोमच्या सामायिक लायब्ररींचा 'रनटाइम' वेगळा असतो. म्हणजे वाटून घेण्याचा जुना दंडक अर्धा पाळला जातो. स्नॅपचे दुकान मात्र कॅनॉनिकलच्या एकट्याच्या ताब्यात आणि त्याच्या सर्व्हरचा कोड बंद. जून २०२० मध्ये लिनक्स मिंटने आपल्या विसाव्या आवृत्तीत स्नॅपला मुळातच दार बंद केले, ते यामुळे.

मग छोट्या चमूने निवडावे काय? माझ्या मते आधी फ्लॅटपॅक, कारण अद्ययावत करण्याची सोय त्यात अंगभूत आहे. जोडीला ॲपइमेज, कारण बोटीवर इंटरनेट नसते आणि पेनड्राइव्हवरची एक फाइल तिथे उपयोगी पडते. ॲपइमेजचे दुखणेही सांगायला हवे: पोटात काय घालायचे राहिले हे परक्या यंत्रावरच कळते. आयबसद्वारे ध्वन्यनुसारी पद्धतीने मराठी टंकणाऱ्याला, त्यासाठीचा प्लगइन फाइलीत नसला तर, देवनागरी अक्षर उमटवता येत नाही. प्रोग्राम इंग्रजीत तपासणाऱ्या कर्त्याच्या ते गावीही नसते.

कोणतेही स्वरूप घेतले तरी जुना तंटा मिटत नाही, हे फेब्रुवारी २०२५ मध्ये दिसले. पडद्याचे चित्रण करणाऱ्या ओबीएस स्टुडिओचे अधिकृत फ्लॅटपॅक फ्लॅटहब या भांडारात होते. फेडोराने स्वतःचे वेगळे फ्लॅटपॅक बांधले आणि वापरणाऱ्यांना तेच आधी मिळू लागले. ते नीट चालेना, तक्रारी मात्र मूळ कर्त्यांच्या दारी. ओबीएसने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला. चर्चेनंतर तो मागे घेतला गेला. पण फेडोराच्या बाजूनेही एक मुद्दा निघाला: ओबीएसचे अधिकृत पॅकेज ज्या रनटाइमवर उभे होते त्याची देखभाल संपली होती. ओबीएसचे उत्तर असे, की नव्या रनटाइममधल्या क्यूटी लायब्ररीत आमचा प्रोग्राम मोडतो, म्हणून आम्ही जाणूनबुजून जुन्यावर आहोत.