वंशावळीतील रिकामी जागा

कर्नल जेम्स स्किनर (१७७८-१८४१) याच्या कुळाचा शोध पितृपक्षात सुकर आहे. पिता हर्क्युलिस हा कंपनी सरकारच्या सैन्यातील स्कॉटिश अधिकारी. माता मात्र पुत्राच्या आत्मवृत्तात, जे फ्रेझरने १८५१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केले, भोजपूर प्रांतातील एका जमीनदाराची राजपूत कन्या एवढ्याच ओळखीने येते. चौदाव्या वर्षी ती युद्धात कैद झाली. पुढे तिला सहा अपत्ये झाली. मुलींना शाळेत घालून पडदा मोडला, म्हणून १७९० मध्ये तिने प्राणत्याग केला. मृत्यूचे कारण नोंदले गेले, नाव राहून गेले.

वस्तुतः पुत्राचे भवितव्य याच मातेने ठरविले. १७९१ च्या निर्बंधाने हिंदी मातांच्या पुत्रांना कंपनीत अधिकारपद बंद झाले आणि जेम्स शिंद्यांच्या डिबॉईनप्रणीत कवायती फौजेत शिरला. १८०३ मध्ये इंग्रज-मराठे युद्ध जुंपताच तेथूनही त्याला निघावे लागले. एका दारी आईचे रक्त आडवे आले, दुसऱ्या दारी बापाचे.

पुढे त्यानेच जातिजमातींवर ‘तशरीह-उल्-अक्वाम’ (१८२५) आणि राजघराण्यांवर ‘तजकिरत-उल्-उमरा’ (१८३०) हे फार्सी ग्रंथ सिद्ध केले. इतरांच्या पिढ्या लावणाऱ्याच्या स्वतःच्या कुळातील स्त्रिया मात्र धूसरच राहिल्या. त्याच्या बायका लोकवार्ता चौदा सांगते, कुटुंबीय सात. हुद्दा, वेतन व वारसा नोंदणाऱ्या दप्तराला अशा स्त्रियांचे प्रयोजन नव्हते. म्हणून संशोधकाने ही जागा कल्पित नावाने भरू नये. ती रिकामीच दाखवावी, कारण त्या काळाची साक्ष तीच देते.