हाताखालचे चित्र

चित्राचा इतिहास आपण बहुधा डोळ्यांच्या बाजूने लिहीत आलो आहोत. शैली, विषय, आश्रयदाते, छापखाने यांची चर्चा भरपूर होते. परंतु काही चित्रे पाहण्यासाठी जितकी असतात, तितकीच हाताळण्यासाठीही असतात. खेळाच्या पटावरचे, पत्त्यावरचे वा यंत्राच्या फळीवरचे चित्र सतत हाताखाली राहते. घाम, तेलकटपणा, नखांचे ओरखडे हे त्याचे खरे समीक्षक होत. अशा चित्राला माणसाने कसे जपले, हा प्रश्न कारागिरीइतकाच संस्कृतीच्या इतिहासाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडील याचे सर्वांत बोलके उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचे. गंजिफा हा खेळ मोगलांच्या काळात भारतात रुजला. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, तर अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त या खेळाचे सविस्तर वर्णन केले आहे. पुढे त्याला दशावतारी रूप मिळाले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, असे एकूण १२० वाटोळे पत्ते. डाव दिवसा असेल तर आरंभाचा मान रामाच्या राजाला, रात्री असेल तर कृष्णाच्या. देवांची चित्रे येथे देव्हाऱ्यातून उतरून खेळणाऱ्यांच्या मुठीत आली.

मुठीत आली म्हणूनच ती जपावी लागली. कागदाचे वा कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, पृष्ठभाग तयार करून घोटून गुळगुळीत करायचा, त्यावर रंगकाम आणि शेवटी लाखेचे संरक्षण, असा चिताऱ्यांचा साधारण क्रम. लाखेमुळे पत्त्याला ताठपणा येतो, चकाकी येते आणि घामाचा ओलावा रंगापर्यंत सहजी पोचत नाही. मात्र याहून महत्त्वाचे एक कारण खेळाच्या नियमांतच दडलेले आहे. ज्या पत्त्याच्या पाठीवर ओरखडा उमटला, तो पत्ता उलटा असतानाही ओळखू येतो. म्हणजे झिजलेला पत्ता डावाचा न्यायच बिघडवतो. तेव्हा लाखेचा थर सौंदर्याबरोबर सचोटीचेही रक्षण करीत होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छापील चित्र आले आणि प्रश्नाचे रूप पालटले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा उभी राहिली. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीस गेला. तैलचित्राचा भास देणाऱ्या ओलिओग्राफांवर वॉर्निश चढविले जाई. तसबिरीत मढवून, काचेआड ठेवून ही चित्रे सामान्य घरांत पोचली. बुलढाणा जिल्ह्यातील उंद्रीसारख्या गावात भिंतीवरच्या तसबिरीला गंधाचे बोट लावताना ते बोट चित्राला लागत नाही, काचेला लागते. पुसून काढता येते, उद्या पुन्हा लावता येते. भक्तीला स्पर्श हवा आणि चित्राला अस्पर्श हवा, हा पेच काचेने सोडविला.

वॉर्निश आणि काच यांत एक मूलभूत फरक आहे. वॉर्निश काळानुसार पिवळे पडते, तडकते. ते चित्राशी एकजीव झालेले असल्याने त्याचे म्हातारपण चित्राला भोगावे लागते. काच बदलता येते. तथापि चित्र काचेला थेट टेकले तर दमट हवेत ते तिला चिकटून बसते. म्हणून जाणता तसबीरवाला दोहोंमध्ये पुठ्ठ्याची चौकट घालून थोडी पोकळी राखतो.

आज घरच्या घरी आर्केड खेळाचे यंत्र बनविणारा हौशी मनुष्य याच परंपरेत, नकळत, येऊन उभा राहतो. बटणे आणि जॉयस्टिक बसविलेल्या फळीवर तो छापील चित्र लावतो आणि तळहात जेथे टेकतात नेमके तेथेच ते प्रथम विटते. त्याच्यापुढेही दोनच वाटा आहेत. एक लाखेची: छपाईवरच पारदर्शक फिल्मचे लॅमिनेशन करावे. दुसरी काचेची: चित्रावर अॅक्रिलिक वा पॉलिकार्बोनेटचा पातळ पत्रा ठेवावा आणि तो बटणांच्या कडांनीच दाबून धरावा. अॅक्रिलिकवर ओरखडे तुलनेने कमी उठतात, पण भोके पाडताना ते तडकते. पॉलिकार्बोनेट चिवट असते, पण त्यावर ओरखडे लवकर उठतात. पत्रा खराब झाला तर बदलता येतो, चित्र तसेच राहते. दुसरी वाट आम्हांस अधिक शहाणपणाची वाटते ती यासाठीच.

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. छापील, स्वस्त पत्ते आले आणि हाती रंगविलेल्या गंजिफा मागे पडल्या. १९७० च्या दशकात सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकून तिचे पुनरुज्जीवन केले, म्हणून ती आज जिवंत आहे. पण हे संच आता खेळण्याऐवजी बहुधा संग्रहासाठी घेतले जातात. चित्र वाचले, ज्या हातांपासून ते वाचवायचे होते, ते हात मात्र दूर गेले. दिवसा राम आणि रात्री कृष्ण का, हे सांगणारे खेळाडू उरले नाहीत तर पत्त्यावरच्या चित्राचा अर्धा अर्थ लाखेखालीच मिटून राहील.

म्हणून जपणुकीची कसोटी केवळ टिकाऊपणा ही मानता येणार नाही. जे आवरण चित्राला वापरात राहू देते, ते खरे आवरण. त्या दृष्टीने ओरखड्यांनी भरलेला, दोनदा बदललेला पत्रा हा त्या फळीचा दोष मानू नये. त्याखालचे चित्र अजून खेळात आहे, एवढाच त्याचा अर्थ.