थ्रेड : पावणेदोन हात काळी माती आणि सोळा आणे

इ. स. १८३५. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुका, भीमा आणि नीरा या नद्यांच्या मधला अवर्षणग्रस्त मुलूख. तेथील शेतांत कंपनी सरकारची माणसे जागोजागी माती उकरून पाहू लागली. माती किती हात खोल आहे, तिचा रंग कोणता, खाली मुरूम कोठे लागतो, याची नोंद होऊ लागली. या नोंदीवर शेतकऱ्याचा सारा ठरणार होता.

याआधीचा प्रयोग फसलेला होता. रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने रिकार्डोच्या खंड-सिद्धान्ताच्या प्रभावाखाली प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवला होता. कागदावर हिशेब देखणा होता. प्रत्यक्षात आकडे अविश्वसनीय निघाले, थकबाकी साचली, शेते पडीक पडली आणि अनेक कुटुंबांनी गाव सोडले. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता यांनी नफ्याचा नाद सोडून थेट मातीच मोजायला घेतली.

ती माती आली कोठून, हे पाहिल्याशिवाय या मोजणीचे मर्म कळत नाही.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले. थंड होताना हा कातळ आकसला आणि त्याला भेगा पडल्या. त्या भेगांतून पावसाचे पाणी आत शिरले. पावसाचे पाणी निव्वळ पाणी नसते. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते किंचित आम्लधर्मी झालेले असते. बेसॉल्टमधील फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजे या सौम्य आम्लापुढे हळूहळू हार मानतात. दगडाचे कोपरे आधी झिजतात, मग कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू लागतात. घाटरस्त्याच्या कापलेल्या दरडीत असे गोल, सालपट सुटलेले धोंडे आजही सहज दिसतात. धोंड्यांभोवतीचा भुसभुशीत चुरा म्हणजे मुरूम. मुरूम आणखी कुजला की चिकणमाती. यात शेकडो, हजारो वर्षे जातात.

उतारावरची माती पाणी वाहून नेते, म्हणून माथ्यावर बरड, मध्ये मुरमाड आणि नदीकाठी खोल काळी, असा क्रम लागतो. ही काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगाळते. तिचा काळेपणा भरपूर सेंद्रिय द्रव्यामुळे आला असावा असे वाटते, पण तशी स्थिती नसते. तिचे खरे बळ पाणी धरून ठेवण्यात आहे. जेथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे रब्बीची ज्वारी या साठलेल्या ओलीवर उभी राहते. मग खोली हेच मातीचे मोल ठरावे, यात नवल नाही. शेतकऱ्याला हे ठाऊकच होते. गोल्डस्मिड-विंगेट यांनी त्याला कोष्टकाचे रूप दिले.

१८४७ च्या संयुक्त अहवालात नियम पक्के झाले. उत्तम पोताची काळी माती पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, एक हात असेल तर दहा आणे, पाव हातच असेल तर साडेचार आणे. पोत जाडाभरडा असेल तर प्रत खाली. शिवाय दोषांची यादी होती : चुनखड, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाण्याचा धोका इत्यादी. प्रत्येक दोषामागे जमीन एक पायरी उतरे. यातला चुनखडीचा दोष मोठा बोलका आहे. कातळातून सुटलेला चुना भरपूर पाऊस असता तर धुऊन गेला असता. कमी पावसामुळे तो मातीतच खड्यांच्या रूपाने साचला. मोजणीदार दोष म्हणून अवर्षणाची खूणच टिपत होता.

घाट उतरला की याच कातळाची वेगळी गत होते. कोकणच्या मुसळधार पावसात चुना तर जातोच, सिलिकाही धुपून जाते आणि मागे लोह व ॲल्युमिनियमची संयुगे उरतात. हा जांभा. फ्रान्सिस ब्युकॅनन याने मलबारात अशाच दगडाच्या विटा कापताना पाहिल्या आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले.

इंदापूरचा नवा सारा हलका होता. तो तीस वर्षांसाठी बांधून दिला गेला आणि पडीक जमीन पुन्हा लागवडीखाली आली. गावोगावचा मूळ दर ठरवताना हवामान आणि बाजारपेठही पाहिली जाई, पण गावातल्या गावात कोणी किती भरायचे, हे मातीच ठरवी. खरा पेच मुदत संपल्यावर उभा राहिला. १८६७ मध्ये फेरआकारणी इंदापुरातूनच सुरू झाली. अमेरिकेतील यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव तोवर ओसरू लागले होते, आणि सारा मात्र वाढला. मातीची खोली तीच होती, बदलला होता तिच्यावर लावलेला दर. सावकारी कर्जाच्या जोडीला हा बोजा आला. मे १८७५ मध्ये सुपे येथे सावकारांची खतपत्रे जाळली गेली आणि दंगे पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरले.

पुढे एकदा ठरलेली मातीची प्रत कायम मानण्याकडे सरकारचा कल झाला. कागदावर ती कायम राहिलीही. उतारावरच्या शेतात मात्र एक ताल फुटली की वीतभर माती एका पावसाळ्यात ओढ्याला लागते, आणि सोळा आण्यांचे शेत सोळा आण्यांचे राहत नाही. सातबारा उताऱ्यावर आजही जो ‘आकारणी’चा रकाना असतो, तो याच मोजणीच्या परंपरेतून आलेला आहे.